सोनटक्का आल्या आहेत का?

"ओ ताई, प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं संमेलन हितंच का? का मी कुणाच्या लग्नात घुसलोय?"

तनुजा स्टुलावर उभी राहून कमानीवरची थर्माकोलची अक्षरं काढत होती. कालच्या लग्नातल्या धनेशचं नाव उतरलं होतं, नवरीचं अजून अर्धं बाकी होतं. तिनं खाली पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कंपनीची बॅग, कपाळावर हेल्मेटचा वळ. रविवारच्या कोवळ्या उन्हात डोळे बारीक करून तो वर बघत होता.

"इथंच आहे. नाव सांगा, यादीत टिक करते."

"नवनाथ. गाव परांडा, राह्यला चाकणला."

हातातलं अक्षर खाली पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तो वाकून ते उचलायला लागला, आणि तनुजाला वाटलं, बरं झालं. तेवढाच तोंड आवरायला वेळ मिळाला.

त्याचं असं होतं... ताथवड्यातलं हे 'मंजुळा लॉन्स' तनुजाच्या वडिलांचं, दादासाहेबांचं. बुकिंग, भांडी, मांडव सगळं तीच बघायची. आणि फावल्या वेळात मोबाइलच्या एका अ‍ॅपवर 'सोनटक्का' या नावानं प्रेमकथा लिहायची. चार वर्षं लिहीत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मागच्या वर्षी गावातली एक मुलगी पळून गेली, तेव्हा ओट्यावर बसून दादासाहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ह्या मोबाइलातल्या गोष्टींनीच पोरी बिघडत्यात. आमच्या घरात असलं दिसलं, तर म्या महिन्याच्या आत लगीन लावून देईन." ते बोलतात तसं करतात, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं.

आज मुहूर्त नव्हता, म्हणून हॉल रिकामा होता. संयोजिका आम्रपाली मॅडमनी तोच ठरवला. साऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरी जागा मिळाली नाही त्यांना! पण दादासाहेबांना तिनं 'लेखकांचं संमेलन' एवढंच सांगितलं होतं, आणि ते दिवसभर तळेगावला एका कार्यक्रमाला जाणार होते. मालकाची मुलगी म्हणून हॉलमध्ये वावरायचं, सगळं ऐकायचं आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असा तिचा बेत होता.

आणि हा नवनाथ. दीड वर्षं दोघं एकमेकांच्या कथांखाली अभिप्राय लिहीत होते. आधी दोन ओळी, मग पानभर, मग रोज. त्यानं तिला पाहिलं नव्हतं, तिचं खरं नावही त्याला माहीत नव्हतं. चार दिवसांपूर्वी त्याचा मेसेज आला होता. 'संमेलनात भेटा. एक विचारायचंय. नाही भेटलात, तर उत्तर समजलं असं धरीन. परत त्रास देणार नाही.'

तिनं त्याला काहीच कळवलं नव्हतं.

"ताई, एक विचारू?" तुकडे तिच्या हातात देत त्यानं आवाज खाली आणला. "यादीत सोनटक्का म्हणून कुणी आहे का? आल्यात का त्या?"

"अजून... नाही आल्या."

"येतील," तो म्हणाला. तिला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. पण कळशाचीच बोलायची छाती होईना, त्याला काय करायचं?

सकाळभर भाषणं झाली. नायक श्रीमंत असावा की साधा यावर दोन लेखिका हमरीतुमरीवर आल्या. नवनाथ तिसऱ्या रांगेत बसला होता आणि दार वाजलं की मान वळवत होता. दर वेळी दाराशी तनुजाच असायची. दर वेळी तो ओळखीचं हसायचा आणि पुन्हा समोर बघायचा. 

चहाच्या वेळी तो कप घेऊन थेट तिच्याकडेच आला.

"तुम्ही वाचता का हो असल्या कथा?"

"कधीमधी."

"सोनटक्कांच्या वाचा. लई गोड लिहितात. फक्त त्यांच्या नायकाला कधी शिफ्ट नसते. कवापण बघा, बागेत मोकळाच!"

तनुजाला हसू फुटलं. "तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं की. तर म्हणाल्या, तुमच्या नायिकेला कधी भूक लागत नाही, तिला आधी वडापाव खाऊ घाला, मग प्रेमाचं बघू."

"कशा असतील दिसायला?" तिनं कपात बघत विचारलं. "असतील पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या..."

"असू द्या. पन्नाशीच्या असल्या तर पाया पडून आशीर्वाद घेईन."

"आणि नसल्या तर?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तर... लग्नाचं विचारणार आहे."

तनुजाचा चहा बशीत सांडला.

"हसू नका ताई. मी मशीनवरचा माणूस, मला माहितीये. पण मागच्या साली माझे लई वाईट दिवस होते. बाबा गेले, मन लागेना. कथेतला नायक मारून टाकायला निघालो होतो. तर त्यांनी लिहिलं, 'मारताय कशाला, चार दिवस सुट्टी द्या त्याला.' मग मीच सुट्टी टाकली अन् आईकडं जाऊन राहिलो. त्या नसत्या तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "आजची शिफ्ट कंपनीतल्या ज्योतीरामच्या गळ्यात घातलीय. बदल्यात दिवाळीचे तीन दिवस मी त्याच्या मशीनवर. म्हणून म्हणतो, त्या आल्या पाहिजेत."

"आणि नाहीच आल्या तर?"

"तर त्यांचं उत्तर कळलं. जबरदस्ती थोडीच आहे?"

'मीच ती,' असं तिच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. तेवढ्यात गेटात ओळखीचा हॉर्न वाजला आणि तनुजाच्या तोंडचं पाणी पळालं. दादासाहेब आले होते. पांढरी टोपी, कडक सदरा.

"अप्पा, तुम्ही तळेगावला..."

"त्या मॅडमचा फोन आला. सत्कार हाय म्हनं माजा. बोलावलंय तर जाया नगं?"

ते जाऊन व्यासपीठावर बसले. आम्रपाली मॅडमनी माइक घेतला.

"आपल्याला ही जागा देणाऱ्या दादासाहेबांचा सत्कार करायचा आहे. तो व्हावा यंदाच्या सर्वाधिक वाचकप्रिय लेखिकेच्या हस्ते. सोनटक्का, कृपया पुढे या."

टाळ्या पडल्या आणि विरल्या. तनुजा दाराजवळच्या खांबाला पाठ लावून उभी होती. 

"सोनटक्का आल्या आहेत का?"

माना वळल्या. नवनाथनं अख्ख्या सभागृहावरून नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावरून, सावकाश. तिच्यावरूनही ती गेली आणि पुढं सरकली.

"शेवटचं विचारते. सोनटक्का?"

वर अप्पा, खाली हा. एक शब्द उच्चारला तर घर जाईल, नाही उच्चारला तर हा. 

नवनाथनं खुर्चीखालची बॅग उचलली. वाकून, कुणाला अडथळा होऊ न देता तो रांगेतून बाहेर पडला आणि दाराकडे आला. तिच्यापाशी क्षणभर थांबला.

"येतो ताई," तो हळूच म्हणाला. "मिळालं उत्तर."

तो उंबरा ओलांडणार, तोच तनुजाला आपलाच आवाज ऐकू आला.

"मी आहे."

कुणाला ऐकूच गेलं नाही. फक्त त्याचं पाऊल थांबलं. तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढं जाता आलं नसतं. मधल्या वाटेनं ती थेट व्यासपीठावर चढली. दादासाहेबांनी तिला पाहून हात केला.

"नारळाचं ताट व्हय? ठेव तितं."

"ताट आणायला नाही आले, अप्पा. सत्कार करायला आले." तिनं माइककडं तोंड केलं. "सोनटक्का मीच."

दोनशे माणसांसमोर तिनं शाल उलगडली. अप्पांचे खांदे हाताला दगडासारखे लागले.

"कवापास्नं?" ते पुटपुटले.

"चार वर्षं."

"माज्या घरात बसून?"

"हो अप्पा."

त्यांनी नारळ घेतला. फोटोसाठी समोर पाहिलं, हसले नाहीत. माइक पुढं आला तो हातानं बाजूला केला, आणि शाल तशीच अंगावर ठेवून खाली उतरून सरळ बाहेर लॉनवर निघून गेले. टाळ्या मात्र थांबेनात. तनुजाला त्यातली एकही ऐकू येत नव्हती.

नवनाथ दारातच होता. बॅग खांद्याला, चेहरा उतरलेला.

"सकाळपासून मी तुम्हाला ताई ताई करतोय."

"ऐकलं मी."

"मनातलं सगळं बोललो तुमच्यापुढं. अन् तुम्ही म्हणे, पन्नाशीच्या असतील. गंमत वाटली का?"

"भीती वाटली," ती म्हणाली. डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत. "अप्पांची वाटली. आणि तुम्ही जाल याची त्याहून जास्त वाटली, म्हणून तर बोलले. रागवा. रागवायचा हक्क आहे तुम्हाला."

तो तिच्याकडं बघत राहिला. सकाळपासून शंभर वेळा पाहिलेला चेहरा आता पहिल्यांदा बघत असल्यासारखा.

"मग... विचारू का नको?"

"होकार आहे माझा," ती भरकन म्हणाली. "पण आता एकच राहिलंय. चला."

लॉनच्या टोकाला दादासाहेब प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. भर दुपारी, शाल पांघरून. दोघं समोर जाऊन उभी राहिली. तनुजाच आधी बोलली. एक खरं बोलून झालं की दुसरं बोलताना तेवढी धाप लागत नाही.

"अप्पा, हे नवनाथ. हेही लिहितात. मला यांच्याशी लग्न करायचंय."

दादासाहेबांनी मान वर केली. आधी तिच्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, पायातल्या बुटापासून केसापर्यंत.

"काय करतुस?"

"चाकणला मशीनवर आहे."

"घरी कोन?"

"आई. बाबा गेले मागच्या साली."

"आन हिला कवा भेटलास?"

"आज सकाळी," नवनाथ म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

दादासाहेबांच्या भुवया टोपीत गेल्या.  मांडवात जेवणाची पानं मांडल्याचा, पाण्याचे जग आदळल्याचा आवाज येत राहिला. तनुजानं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"तुज्याशी घरी बोलतू," ते लेकीला म्हणाले. आवाजात राग होता, आणि रागाखाली दुखणंही होतं. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं. "आन तू रं... उपाशीपोटी असलं बोलनं करू न्हाई मानसानं. आदी जेवून घे."

ते पंगतीकडं चालायला लागले. दहा पावलं गेले, थांबले आणि मागं वळून बघू लागले, पोरगा येतोय का नाही ते.