खिळ्याला न वाजणारं यंत्र

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

हे माझ्या मावसबहिणीच्या, बोग्नाच्या बाबतीत घडलंय. बोग्ना रागीट आहे, खोटारडी नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. आमच्या मझुरी भागात, गोउदाप शहराच्या पुढचं एक उठून गेलेलं गाव. महायुद्ध संपलं, तिथे राहणारे जर्मन गेले, घरं पडली. आता सफरचंदाची झाडं तेवढी उरलीत.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

बोग्नाला आणि तिच्या धाकट्या भावाला, गुस्तावला, जुनी नाणी, बटणं, बिल्ले शोधायचा नाद. दोघांत मिळून नवा मेटल डिटेक्टर घ्यायचा होता, आणि कुठला घ्यायचा यावरून महिनाभर भांडण चाललं होतं. शेवटी दुकानदारच वैतागला. दोन्ही यंत्रं त्यांच्या हातात ठेवून म्हणाला, "जा, वापरून बघा आणि एकदाचं काय ते ठरवा."

गुस्तावला महागडं हवं होतं. ते लोखंडावर गप्प बसायचं. सोनं, चांदी, तांबं असेल तरच वाजायचं.

बोग्नाला साधं हवं होतं. ते सगळ्यालाच वाजायचं.

"तुझं यंत्र म्हणजे आपली याद्विगा आत्या," गुस्ताव म्हणाला. "काहीही दिसलं की बोंब!"

"आणि तुझं अगदी तुझ्यासारखं. फायदा दिसल्याशिवाय तोंड उघडत नाही."

त्या सफरचंदांच्या बागेत बोग्नाला खिळे सापडले, एक नाल सापडली. तिने मान वर केली तर गुस्ताव दिसेना.

हाक मारली. उत्तर नाही.

वारा होता. फांद्या हलत होत्या. पण पानांचा आवाज...

आवाजच नव्हता.

बागेमागच्या उंचवट्यावर तो गुडघ्यांवर बसलेला दिसला. कानांवर हेडफोन. पुढ्यात ताजा खड्डा.

बोग्ना वर चढली आणि थबकली. पायाखाली गडद हिरव्या, चिवट पानांची वेल पसरली होती. आमच्याकडे ती वेल कबरींवर लावतात.

"गुस्ताव! अरे, ही दफनभूमी आहे!"

"असेल. दगड कुठे दिसतायत?"

"आपल्याला परवानगी फक्त बागेची आहे. ऊठ आधी! काय काढलंस?"

"काही नाही गं. खिळा होता. फेकला."

बोग्नाच्या डोक्यात तिडीक गेली.

"खिळा? तुझं यंत्र खिळ्याला वाजत नाही ना रे? महिनाभर हेच ऐकवून माझे कान किटवलेस!"

गुस्तावने उजवी मूठ पाठीमागे नेली.

तिने त्याचं यंत्र हिसकावलं, हेडफोनची वायर उपटली आणि दांड्याच्या टोकाची तबकडी त्याच्या उजव्या मुठीवर धरली.

यंत्र खणखणीत वाजलं.

"उघड."

मुठीत अंगठी होती. सोन्याची, बारीक, बाईमाणसाची.

"मेलेल्या बाईच्या बोटातली काढलीस? लाज कुठे विकलीस रे?"

"तिला आता काय करायचीय? ओरडू नकोस!"

"ओरडणार! ठेव परत. आत्ताच्या आत्ता!"

त्याने रागारागाने अंगठी खड्ड्यात भिरकावली. बोग्नाने हातांनी माती लोटली. खात्रीसाठी यंत्र वरून फिरवलं. वाजलं. म्हणजे अंगठी खालीच होती.

यंत्र बाजूला घेताना तबकडी गुस्तावच्या हातावरून गेली...

पुन्हा वाजलं.

"अजून काय लपवलंयस?"

त्याने तळवा उघडला. रिकामा.

बाही वर केली. काही नाही.

डाव्या हातावर यंत्र गप्प. उजव्या हातावर... वाजत होतं.

बोग्नाने हेडफोन पुन्हा जोडले आणि कानांना लावले. मातीवर साधा टिंग आवाज येत होता. भावाच्या तळव्यावर मात्र...

बाई हुंदका गिळते, तसा.

तिने हेडफोन त्याला दिले. त्याने क्षणभर ऐकलं, ओरबाडून काढले आणि गाडीकडे पळत सुटला.

दोन्ही यंत्रं त्यांनी परत केली. कुठलंच घेतलं नाही.

गुस्तावच्या हाताच्या एक्स-रेत काहीच नाही. पण कामानिमित्त कोर्टात गेला, की दारातलं धातू तपासणारं फाटक त्याला बघून वाजतं. पट्टा काढायला लावतात, घड्याळ काढायला लावतात, तरी वाजतं. तो पहारेकऱ्यांवर भडकतो, शिव्या देतो. मी एकदा सोबत होतो. पहारेकऱ्याने हातातलं यंत्र त्याच्या तळव्यावर फिरवलं आणि दोन पावलं मागे सरकला.

गेल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. मासा वाढता वाढता बोग्ना थांबली.

"सगळ्यांसमोर विचारते. तिथे तू एकच अंगठी काढली होतीस ना?"

"एकच!" गुस्ताव ओरडला. "किती वेळा सांगू? एकच!"

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. त्याने हात टेबलाखाली घेतला, म्हणून माझी नजर खाली गेली.

करंगळीशेजारचं, अंगठीचं बोट ताठ झालं होतं. नखापर्यंत पांढरंफटक. आणि ते हळूहळू... पुढे ताणलं जात होतं.

कुणीतरी टोकाला धरून ओढावं, तसं.

मी ताटावरून उठलो. कारण कुणाला सांगितलं नाही.

बोग्ना अजून त्याच्याशी धड बोलत नाही. मी बोलतो. पण शेजारी बसत नाही.