चाकावरचा भार

ही गोष्ट मी रचलेली असती, तर अमावास्येच्या रात्री घडवली असती.

पण ती घडली भर दुपारी. लातुरात, नांदेड रोडला, माझ्या चुलतभावाच्या दुकानात. मागच्या फेब्रुवारीतला मंगळवार होता. संगमेश त्या दुपारबद्दल अजून नीट बोलत नाही. जेवढं बोलला, तेवढंच सांगतो.

संगमेशचं टायरचं दुकान. पंक्चर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, सगळं. त्या दिवशी सकाळपासूनच त्याचं डोकं फिरलं होतं, कारण शेषेरावांची पांढरी गाडी पुन्हा दारात येऊन उभी होती.

शेषेरावांचं त्याच रस्त्यावर बियाण्यांचं दुकान आहे. माणूस तसा शांत. पण त्या दिवशी गाडीतून उतरतानाच तापलेले.

"संगमेश, काय करायलास बाबा तू? ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग हातात ऱ्हात न्हाई. काल अहमदपूरच्या पुढं गाडी रस्ता सोडून खाली चालली होती."

"काका, बॅलन्सिंगचं मशीन शून्य दाखवतंय. तुमच्यासमोरच लावलं होतं ना?"

"मशीनला काय करू? परवा लेकीला, शिवानीला, नायगावहून आणायचंय. आठवा महिना हाय पोरीला. ह्या गाडीत कसं बसवू तिला?"

संगमेश चाकाशी उकिडवा बसला.

त्यानं सगळं करून बघितलं होतं. डावीकडचं पुढचं चाक मागे टाकलं, तर थरथर मागून यायला लागली. म्हणजे दोष त्या चाकातच. टायर बदलला. फरक नाही. डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर बसतो ती लोखंडी चकती, फिरवून बघितली. कुठं वाकलेली नाही, चिरलेली नाही. मशीनवर चढवलं की दोन्ही बाजूंना शून्य. रस्त्यावर गेलं की थरथर.

नवी डिस्क यायला आठवडा होता.

"ही डिस्क आणली कुठून?" त्यानं विचारलं.

"पहिली खड्ड्यात वाकली. मग नांदेडला जुन्या मालातून घेतली. कुठल्या गाडीची, ते म्या इचारलं न्हाई."

संगमेशनं चिडून चाक परत मशीनवर चढवलं. बटण दाबलं...

आणि लाईट गेली.

कॉम्प्रेसर बंद पडला. पंखा थांबला. दुकानात एकदम शांतता.

खुर्चीवर त्याचे वडील बसले होते. शरणप्पा. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. हे दुकान त्यांनीच टाकलेलं.

"माझा बुडबुडा काढ," अप्पा म्हणाले.

"अप्पा, त्यानं काय होणार हाय आता?"

"लाईट येईपर्यंत काय होणार हाय, ते तरी सांग."

संगमेशनं कुरकुरत मागच्या फळीवरून पोतं ओढलं. आत अप्पांचं जुनं बॅलन्सर होतं. लोखंडी पायावर एक सुळका, त्याच्या टोकावर गवंड्याच्या लेव्हलसारखी गोल काच, आणि काचेत बुडबुडा. चाक आडवं करून सुळक्यावर ठेवायचं. ज्या बाजूला जड, त्या बाजूला ते झुकतं. मग समोरच्या हलक्या बाजूला शिशाचे तुकडे ठेवत जायचे. बुडबुडा मधोमध आला की झालं काम. वीज नको, काही नको.

चाक ठेवलं.

ते झुकलं. थोडंथोडकं नाही. चांगलंच. दाराच्या बाजूला.

"बघ," अप्पा म्हणाले. "तुझं शून्य."

संगमेशला रागही आला आणि हायसंही वाटलं. दोष सापडला होता. त्यानं झुकलेल्या जागी खडूनं रेघ मारली. शिसं ठेवायला सोपं जावं म्हणून चाक अर्धं फिरवलं. आता खडूची रेघ आतल्या भिंतीकडं गेली. चाकही तिकडंच झुकायला हवं होतं.

पण ते...

दाराकडंच झुकलेलं राहिलं.

त्यानं पुन्हा फिरवलं. रेघ उजवीकडं. चाक दाराकडं. रेघ डावीकडं. चाक दाराकडंच.

"जमीन वाकडी असंल," शेषेराव म्हणाले.

संगमेशनं ते चाक उतरवलं, शेजारचं दुसरं ठेवलं. बुडबुडा मधोमध. जमीन सरळ होती.

परत शेषेरावांचं चाक ठेवलं.

दाराकडं.

म्हणजे भार चाकात नव्हताच. बाहेरून येत होता. दाराच्या बाजूनं कोणीतरी उभं राहून चाकावर हात टेकवावा, तसा.

तिथं कोणीच नव्हतं. नुसतं ऊन.

संगमेश खाली वाकला. टायर हवेनं टणक भरलेला होता. पण झुकलेल्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेत, रबर...

किंचित आत दबलेलं होतं.

तो बघत असतानाच ती जागा भरून वर आली. आणि वीतभर पुढं दुसरी दबली.

मग तिसरी.

चाकाचा झुकाव हळूहळू सरकत होता. दारापासून आत. सुळका कर्र कर्र करत होता. काचेतला बुडबुडा काठाकाठानं फिरत होता. कोणीतरी टेकत टेकत चाकाभोवती चालत येत होतं.

संगमेशकडं.

"सरक तिथून," अप्पा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

संगमेशला हलताच येईना. झुकाव त्याच्या पुढ्यात आला आणि थांबला. अप्पांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं, तेव्हा चाक सुळक्यावरून घसरून धाडकन पडलं.

शेषेराव कधीच रस्त्यावर जाऊन उभे होते.

संगमेशनं स्वतःच्या गाडीचं चाक काढून त्यांना लावून दिलं. शिवानी नायगावहून सुखरूप आली. गाडी जराही थरथरली नाही.

ती डिस्क दुकानात ठेवायची नव्हतीच. बुधवारी सकाळीच संगमेश एकटा ती घेऊन भंगारवाल्याकडं गेला. काट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरला.

भंगारवाल्यानं आकडा बघितला. कपाळाला आठ्या घातल्या.

"भाऊ, काट्यावरचा पाय काढा."

संगमेशनं खाली बघितलं. त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. लांब.

तो पैसे न घेताच निघून आला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. ती डिस्क वितळायला गेली पाहिजे, एवढंच डोक्यात. सकाळी उठून परत भंगारवाल्याकडं गेला, तर डिस्क जागेवर नव्हती.

"ती? चांगली होती की. काल दुपारीच एक जण घेऊन गेला, गाडीला लावायला."

"कोण? कुठला?"

"आता ते मी कशाला इचारू?"

संगमेश आजही दुकानात बसतो. कोणी स्टेअरिंग थरथरतंय म्हणत आलं, की आधी गाडीत किती जण बसलेत ते मोजतो. मग खाली उतरलेल्यांना मोजतो.

आणि मगच चाकाला हात लावतो.