चाकाखालचा ठोकळा

म्हाताऱ्या सुताराने खुर्चीत बसताबसताच मागितलं काय, तर लाकडाचा एक ठोकळा.

मुलगा चौकीवर सैनिकांच्या गोळ्यांनी गेला, त्याला आठवडाच झालेला. बाकी काही नको म्हणाला. ठोकळा त्याने स्वतः मुलाला करून दिला होता, व्हॅनमध्ये असायचा, तो सापडला का, एवढंच विचारत होता.

समोर बसलेल्या तपास अधिकारी बाई सैन्यातल्याच. आपल्याच माणसांचे गुन्हे शोधायचे, असली नकोशी नोकरी. प्रकरण सरळ आहे, उगाच काथ्याकूट नको, असं वरच्या साहेबांनी फाइल देतानाच बजावलं होतं. चौकीप्रमुखाचं म्हणणं, व्हॅन उतारावरून भरधाव आली, इशारा करूनही थांबली नाही, ती बाजूने निघून जात असताना आपण गोळ्या झाडल्या. शिपायांच्या जबान्याही तशाच, पढवलेल्या पोपटांसारख्या.

"ठोकळा कशाला लागायचा, काका?"

"हँडब्रेक कामातून गेलेला. दुरुस्त कर म्हटलं, की म्हणायचा, तुमचा ठोकळा आहे की, बाबा. चढ-उतारावर थांबला की आधी उतरून चाकाखाली ठोकळा सरकवायचा."

म्हाताऱ्याने नाक पुसलं.

"त्या दिवशी विसरला असेल हो. गाडी घसरली असेल आणि त्यांना वाटलं असेल, अंगावर येतेय. विसरला होता का, तेवढं सांगा."

बाईंनी फाइलमधून फोटो बाहेर काढले. पहिल्यात व्हॅन उतारावर उभी, आत चालक तसाच. त्याच्या दाराची काच फुटलेली, दाराच्या अगदी खाली पुढचं चाक आणि चाकापुढे ठोकळा. दुसऱ्या फोटोत गाडी हलवलेली, ठोकळाही उचललेला. रस्त्यावर काचेचा सडा आणि त्यात वीतभर स्वच्छ जागा.

बाई त्या जागेकडे बघतच राहिल्या. म्हाताऱ्याला त्यांनी बाहेर बाकावर बसवलं आणि चौकीप्रमुखाला बोलावून घेतलं.

तो कडक इस्त्रीत आला. काय ते लवकर उरका, म्हणाला.

"गाडी थांबली कशी?"

"चालक गेला, इंजिन बंद पडलं."

"उतारावर?"

"म्हणून तर मी चाकाखाली ठोकळा लावला. रस्त्यातच पडला होता."

"गोळ्या झाडल्यानंतर लावलात?"

"अर्थात. आधी कशाला लावेन?"

"गोळ्या कुणी झाडल्या?"

"मी एकट्याने. लिहून दिलंय तसं."

बाईंनी दुसरा फोटो त्याच्यापुढे सरकवला.

"काच फुटली तुमच्या गोळीने. ठोकळा नंतर लावला असता, तर त्याच्याखाली काच असती. खाली एक कण नाही. म्हणजे काच पडली तेव्हा ठोकळा चाकाखालीच होता. तुम्ही थांब म्हणालात, तो थांबला. उतरून ठोकळा लावला, परत आत बसला, तुमची वाट बघत. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला तुम्ही मारलंत."

त्याने फोटो बाजूला सारला. गोळीबाराच्या आदल्या दिवशी त्याच चौकीवर त्याचा जोडीदार बॉम्बने उडाला होता. पुढची गाडी जी आली, ती ही. जोडीदार भावासारखा होता, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

असेलही. पण जिवाचं माणूस काय त्या एकट्यालाच होतं? साहेब चवताळणार हे ठाऊक असूनही बाईंनी खुनाचा गुन्हा लावला आणि त्याला अटकेत घेतलं.

मग त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

"विसरला नव्हता, काका. त्याने ठोकळा लावला होता."

"चाकाला टेकवून?"

"अगदी टेकवून. गाडी जागची हलली नव्हती."

म्हाताऱ्याने मान डोलावली. क्षणभर तर चेहऱ्यावर कौतुकच आलं. ठोकळा आता कोर्टात पुरावा म्हणून राहील, निकालानंतर मिळेल, असं बाई सांगत होत्या. त्याचं लक्ष नव्हतं.

"विसरला असता तर चार शिव्या घालून रडलो असतो त्याच्या नावाने," तो म्हणाला. "त्याने तर सगळं सांगितलं तसंच केलं हो, ताई."