जिभेवरचा लाल उजेड

प्रशिकने मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझी जीभ बाहेर होती. आता सांगा, अशा अवस्थेत पोरीने लाजायचं तरी कसं?

रायपूरमधल्या तेलीबांध्याच्या एका दातांच्या दवाखान्यात तो टेक्निशियन; चव परत यावी म्हणून माझ्या जिभेवर मशीनचा लाल उजेड धरायचा. तापातून उठले आणि चव गेली, ती गेलीच... आणि मी तर नवा रायपूरच्या ऑफिसांना डबे पुरवणारी! सध्या आई भाज्या चाखून द्यायची, पण दिवाळीनंतर ती भावाच्या लेकराला सांभाळायला नागपूरला जाणार होती. तोवर चव आली नाही, तर डबे बंद.

"उजेडानं काही जणाईले फायदा होते. तुम्हाले होईलच, असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. हा खरेपणा मला आवडला. उजेडासाठी घातलेल्या काळ्या गॉगलमुळे तो कुठे बघतोय ते कळत नव्हतं — तेही, खरं सांगू, आवडलं. दवाखान्यात सगळे त्याला 'भैया' म्हणत. मी मात्र पहिल्या दिवसापासून टाळलं.

माझी वेळ त्याच्या जेवणाच्या सुट्टीआधीची. उजेड देऊन झाला की तो गॉगल तसाच ठेवून डबा उघडायचा. स्वतः रांधलेला.

"घ्या न. माझ्या हातचं कोणी खात नाही."

"काहून? मस्त तर आहे!" मी मिटक्या मारत खायची. गरम, मऊ... आणि समोर तो. चवीचं कोणाला पडलंय?

दिवाळी तोंडावर आली, तरी जीभ आपली गप्पच. आईने बॅग काढली. त्या दुपारी प्रशिकने बेसनाच्या गोळ्यांचा गोळाभात आणला होता. मी एक घास घेतला आणि थबकले. दुसरा घेतला... आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"काय झालं? मिरची लागली?"

"खारट!" मी ओरडले. "प्रशिक, केवढा खारट आहे हा!"

तो आनंदाने उडालाच. मग एकदम चेहरा पडला. "म्हणजे... इतके दिवस..."

"इतके दिवस मले काही समजूनच नाही राहिलं होतं."

"आता तुम्ही कायले येता इकडे..." तो खाली बघत पुटपुटला. "अन् मी तर रोज तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

किती घाबरला होता बिचारा! मला तो हवा होता, अगदी मिठासकट.

"रविवारी घरी या. मीठ किती घालाचं, शिकवते."

"अन् नाही शिकलो तर?"

"तर मग... जन्मभर माझ्या हातचं खा."

त्याने गॉगल काढला. पहिल्यांदाच इतक्या जवळून, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"हव," तो म्हणाला. "मग मले शिकाचंच नाही."