कोमट पाणी

जेरुसलेमला हिवाळ्यात ऊन रुसलं, की गच्चीवरची टाकी विजेवर तापवावी लागते. त्यासाठी आमच्या विजेच्या बोर्डात एक टायमर आहे. तासांची गोल तबकडी, तिच्या कडेला दाबायच्या बारीक खुंट्या. हिवाळी वेळेसाठी घड्याळं मागे केली, की ही तबकडीही फिरवावी लागते, आणि मी ते हमखास विसरतो. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावली, पण घरातल्या वस्तूंच्या बाबतीत माझा स्वतःवर भरवसा नाही. त्यामुळे पाणी तापत नाही असं बायको म्हणाली, तेव्हा चूक माझीच असणार, असं मी धरून चाललो.

मेनुखा न्यूमोनियातून उठून नुकतीच घरी आली होती. थंडी तिच्या हाडांत बसली होती. पुन्हा गारठा बाधला तर निभणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

"एकदा कढत पाण्यानं अंघोळ होऊ दे, की बघ मी कशी उठून कामाला लागते," ती म्हणायची. तिचं काम म्हणजे वस्तीत कुणी बाई वारली, की दफनाआधी तिला अंघोळ घालायला जाणं. अशा काही बायकांत ती कित्येक वर्षं होती.

मी तबकडी फिरवली, खुंट्या नीट दाबल्या. संध्याकाळी नळातून वाफ आली. बादलीत हात घातला तो चटका बसून मागेच घेतला. मेनुखानं त्याच बादलीत कोपरापर्यंत हात बुडवला.

"कोमटच आहे रे."

तिचा हात लालसुद्धा झाला नव्हता.

"अगदी आम्ही गेलेल्या बायकांना घालतो तसं," ती म्हणाली आणि हात पुसू लागली.

त्यानंतर मी दिवसभर बोर्डाशी घुटमळत राहायचो. खुंट्या बदलायचो, पुन्हा बदलायचो. शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या शब्तायला बोलावलं. तो वायरमन.

"आई गं!" बोट तोंडात घालत तो ओरडला. "काका, अंघोळ करायचीय की कोंबडी उकडायचीय?"

"तुझी आपली थट्टा," म्हणत मेनुखानं पाण्यात हात घातला आणि तसाच ठेवला. "कोमट."

शब्तायचं हसू मावळलं. तो बोर्डाकडे वळला.

"टायमर आतून चिकटलाय, काका. बंदच होत नाही. आज सूर्य बुडून शब्बाथ लागला, की उद्या रात्रीपर्यंत तुम्ही बटणाला हात लावणार नाही, आणि रात्रीत टाकी फुटायची. काढूनच नेतो. रविवारी नवा."

त्यानं तारांना पट्ट्या गुंडाळल्या. गच्चीवर जाऊन टाकी रिकामी केली, तिच्याकडे येणारं पाणी बंद केलं.

"आणि माझी अंघोळ?" मेनुखानं विचारलं.

सूर्य बुडायला आला होता. शब्बाथ लागल्यावर विस्तव पेटवायचा नसतो, आणि त्याआधी चुलीवर पाणी ठेवायलाही वेळ नव्हता. तिनं शाल घट्ट लपेटली आणि मेणबत्त्या लावल्या.

सिनेगॉगमध्ये माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रार्थनेच्या ओळी नजरेखालून जात होत्या, नुसत्याच. शेवटी कुणाच्या लक्षात न येता मी उठलो आणि घरी आलो.

मेनुखा टेबलाशी बसली होती. केस ओले, मागे विंचरलेले. गालांवर रंग. ती कुडकुडत नव्हती.

"झाली बाई एकदाची अंघोळ. काय कढत होतं पाणी!"

मी न्हाणीघरात गेलो. फरशी ओली होती. गरम पाण्याचा नळ फिरवला. नुसता वारा आला.

"कुणी घातली?"

"ब्रुरिया आली होती, आणखी दोघी होत्या. मला हातसुद्धा उचलू दिला नाही."

वारलेल्या बायकांना अंघोळ घालायचं काम मेनुखाला ब्रुरियानंच शिकवलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिला शेवटची अंघोळ मेनुखानंच घातली होती.

मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

"जाताना त्यांनी माझं नाव घेऊन माफी मागितली," ती म्हणाली. "हाताळताना काही चुकलं असेल तर. अंघोळ झाली की आम्ही गेलेल्या बाईची मागतो ना, तशी."

"मग तू काय म्हणालीस?"

ती ज्योतींकडे बघत राहिली.

"उत्तराची वाट कोण बघतं तिथं, गेर्शोन?"