वाटूर फाट्याचा आरोपी

गंधालीला हसू आलं ते अगदी नको तिथं... जालन्याच्या कोर्टात, भर व्हरांड्यात, मांडीवर फौजदारी फाईल उघडी असताना! तोंडावर हात दाबला तरी खांदे हलतच राहिले.

"कोणत्या ओळीला?" बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तरुणानं विचारलं.

"काय?"

"न्हाई, फाट्याच्या ओळीला हसल्या का फ्लेक्सच्या?"

तिनं फाईल झटकन मिटली. "तुम्ही कोण?"

"आरोपी," तो अदबीनं म्हणाला.

संघपाल खरात, वाटूरचा. मोबाईलवर लाखो लोक त्याचे विनोद बघायचे, आणि त्यातल्याच एकावरून तक्रार झाली होती. वाटूर फाट्यावर रस्ते चार, पण फ्लेक्सवरचे साहेब बोट दाखवतात पाचव्याकडं; बाप म्हणतो, तिकडं विकास असेल! एवढ्यानं साहेबांच्या कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्या. मग परभणी, नांदेड, संभाजीनगर... एकेक हॉलवाला "जरा वातावरण निवळू द्या" म्हणत मागं सरला. आता मेलबर्नहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं होतं. जायला कोर्टाची परवानगी हवी होती, आणि सीनियर वकिलांनी ते काम गंधालीकडं सोपवलं होतं.

जुन्या जालन्यातल्या ऑफिसात तो रोज येऊ लागला. काम असो, नसो.

"मॅडम, अर्जात लिहा, आरोपी स्वभावानं गरीब आहे."

"दिसत नाही तसं."

"मंग लिहा, दिसायला बरा आहे."

"शपथेवर खोटं लिहीत नाही मी," ती मान खाली घालून म्हणाली. कान मात्र तापले होते.

वीस दिवसांची परवानगी मिळाली. तो गेला.

आठव्या दिवशी दुपारी ती डबा उघडत होती, तोच फोन वाजला. तिकडं संध्याकाळ झाली होती. "सातशे माणसं आलीत. स्टेजवर चाललो. फोन खिशात ठेवतो... बंद नका करू!"

आधी टाळ्या. मग त्याचा आवाज, तोच, वाटूरचा.

"माझा बाप चाळीस वर्षं फाट्यावर पंक्चर काढून राह्यला. येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता सांगतो... सोता कुठंच न्हाई गेला."

सातशे माणसं गप्प झाली. समुद्रापलीकडची ती शांतता गंधालीच्या कानात भरली. घास हातातच राहिला. कोणी खोकलं नाही, खुर्ची करकरली नाही. एका माणसानं एवढ्यांचा श्वास धरून ठेवावा? मग त्यानं ते फ्लेक्सचं वाक्य टाकलं, आणि असं हसू उसळलं की तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिचे डोळे भरले. ह्यासाठी ह्या माणसाला पिंजऱ्यात उभं करायचं?

दोन दिवसांनी तो फोनवर म्हणाला, "हितंच राहा म्हणतेत. दोन वर्षांचं काम आहे."

गंधालीनं टेबलावरची फाईल उगाच सरळ केली. "राहा ना... तिथं तुमचा हॉल कोणी बंद करणार नाही."

"बराबर," तो हळूच म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग फोन आला नाही. तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं गैरहजेरीचा अर्ज लिहायला घेतला. 'आरोपी' शब्दापुढं पेन सरकेना.

"मॅडम, कुठं सही करू?"

पाठीवर बॅग, चुरगळलेला शर्ट, प्रवासानं लाल झालेले डोळे.

"आलात कशाला?" ती जवळजवळ ओरडलीच. "केस वर्षानुवर्षं चालेल!"

"चालू द्या. तिथं मी पाव्हणा. हितं निदान माझ्या बोलण्याचा कोणाला राग तरी येतो." सातशे जणांना मुठीत धरणारा तो माणूस बॅगेचा पट्टा चाळवू लागला. "अन् दुसरं... तुम्ही लई आवडता मला, गंधाली. ह्यात विनोद बिलकुल न्हाई."

एवढं मोठं काही कोणी तिच्यासाठी सोडून आलं नव्हतं कधी.

"वेडे आहात," ती पुटपुटली. "आणि... मलाही."

आतून शिपायानं पुकारा केला, "आरोपी संघपाल खरात, हाजिर आहे का?"

"हजर आहे!" त्याच्याआधी गंधालीनंच आवाज दिला, आणि सगळ्या व्हरांड्यादेखत त्याचा हात धरून ती आत गेली.