याआधी टोचलं होतं का?

चंद्रिकाबाई तशा घाबरट नव्हत्या. तळेगावच्या शाळेत उभा जन्म पोरांना वळण लावण्यात गेलेला. पोट सारखं दुखतं म्हणून सीटी स्कॅन काढायचा, एवढंच काम होतं. तळेगावचं मशीन बंद पडलेलं, म्हणून यजमान केशवराव त्यांना लोणावळ्याला घेऊन आले, सेंटरच्या दारात उतरवलं आणि गाडी लावायला गेले.

भर दुपार होती, पण धुकं असं खाली आलं होतं की आत दिवे लावलेले. स्कॅनच्या खोलीबाहेर लांबलचक बोळ. फिनेलचा वास, आणि त्याच्या आडून ओल्या लोखंडासारखा आणखी कसला तरी. बाई बाकावर टेकल्या. मशीनची घरघर भिंतीतून पाठीला लागत होती.

शेजारी कोण केव्हा येऊन बसलं, कळलंच नाही. साठीचा, उन्हात रापलेला माणूस. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. हाताच्या शिरेत सुई तशीच, वर चिकटपट्टी.

"बाई..." तो हळूच म्हणाला. आवाज घशातच अडकत होता. "त्ये गरम औषद... फोटूच्या आदी टोचत्यात त्ये... याआदी कवा टोचलंया तुमास्नी?"

"हो, एकदा. पुण्यात. बरीच वर्षं झाली त्याला."

"गांधी उठल्या हुत्या अंगावर?"

उठल्या होत्या खऱ्या. ओठही सुजले होते. गोळी घेतल्यावर उतरलं, आणि बाई ते विसरूनही गेल्या होत्या.

"मंग सांगा त्यांस्नी. त्ये इचारत्याल म्हून बसू नगा. मी बी सांगितलं हुतं..." तो थांबला. श्वास घ्यायला त्याला फार वेळ लागला. "तरी सांगा. मोठ्यांदा सांगा."

दार उघडलं. "चला काकू, पटकन," स्कॅन काढणारी मुलगी, अपूर्वा, म्हणाली.

आत गारठा होता. अपूर्वानं मान वर न करता शिरेत सुई घातली, नळी जोडली. विचारलं काहीच नाही. तिचा हात बटणाकडे गेला तेव्हा बाई वर्गात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "थांब! मला हे औषध बाधतं. मागे गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते."

हात तिथंच थांबला. काचेपलीकडून डॉक्टर सुश्रुत यांचा आवाज स्पीकरवर आला. "काय चाललंय? उशीर होतोय."

"सर, ॲलर्जी आहे म्हणतायत."

स्पीकर पुन्हा खरखरला. मग, "औषधाशिवाय काढ."

"हे तुम्ही विचारायला नको?" बाई कडाडल्या. "बाहेरच्या पेशंटनं विचारलं म्हणून मी वाचले."

"बाहेर कोणी नाहीये, काकू," अपूर्वा म्हणाली. " आज तुम्हीच शेवटच्या."

बाईंनी त्या माणसाचं वर्णन सांगितलं. झगा, सुई, कोंडलेला आवाज. अपूर्वाचा चेहरा पांढराफटक पडला. काचेपलीकडे खट् आवाज झाला. डॉक्टरांनी स्पीकर बंद केला होता.

स्कॅन झाल्यावर दारापर्यंत सोडायला आली तेव्हा ती कुजबुजली, "नथूभाऊ होते ते. आंदर मावळातले. त्यांनीही सांगितलं होतं, काकू. सर म्हणाले, खाज काय सगळ्यांनाच येते... दे इंजेक्शन."

"मग?"

"श्वासच कोंडला. गेले तिथंच. बायकोला सांगितलं, हार्ट अटॅक."

परतताना बाईंनी केशवरावांना सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या बायकोला खरं सांगायला हवं."

केशवराव म्हणाले, "मेलेला माणूस का परत येणार आहे? आपल्याला काय करायचंय?"

"मला त्यानं विचारलं म्हणून मी या गाडीत बसलेय," बाई म्हणाल्या.

दोन-चार दिवसांनी नथूभाऊंचं घर विचारत ते आंदर मावळात गेले. डांबरी संपली तिथं केशवराव गाडीपाशी थांबले. बाई पायवाटेनं वाडीत चढल्या. नथूभाऊंची बायको, शालूबाई, ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. बाईंनी सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"हार्ट म्हन्ले," ती म्हणाली. "भाताचं पोतं घिऊन घाट चढायचा त्यो मानूस! मी तवाच म्हन्लं, खोटं हाय ह्ये. पर आमाला कोन पुसतंय?"

तेवढ्यात आतल्या काळोख्या खोलीतून आवाज आला. कोरड्या कातडीवर नखं ओढावीत तसा. कर्र... कर्र... थांबून थांबून.

"घरात... कोणी आहे?"

"त्योच हाय." शालूबाईनं सूप खाली ठेवलं. "दिस न्हाई, रात न्हाई, अंग ओरबाडत असतो. गांधीवर आमसुलाचं पानी लावत्यात न्हवं? रोज वाटी ठेवते. सकाळी रिकामी दिसती, पर खाज जात न्हाई." ती उठली. "खऱ्यासाठीच अडला असंल. आता जाईल."

वाटी घेऊन ती आत गेली. अंधारातून तिचा आवाज आला, "धनी, कळलं वो मला. तुमी सांगितलं हुतं त्यांस्नी. जावा आता."

आवाज थांबला. बाईंनी हात जोडले. डोळे भरून आले त्यांचे.

मग पुन्हा सुरू झालं. आधी एका कोपऱ्यातून. मग दुसऱ्या. मग माळ्यावरून, चुलीमागून, बाई बसल्या होत्या त्या ओटीच्या भिंतीतून.

शालूबाई उंबऱ्यात आली. वाटी रिकामी होती.

"ह्ये आमचं धनी न्हाईत वो, बाई..." ती म्हणाली. "लय जन हायेत, समद्यांच्या हाताला तीच सुई. आमसुलं पुरायची न्हाईत."